भूकंपानंतरच्या शहरात राहायचं कसं? क्राइस्टचर्चमध्ये शिकलेलं, आपल्या फ्लॅटसाठी मांडलेलं

२२ फेब्रुवारी २०११, मंगळवार, दुपारी १२ वाजून ५१ मिनिटं. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च शहराच्या पूर्व भागात, एव्हन नदीच्या वळणाशी आमचं घर होतं. त्याआधी पाचच महिन्यांपूर्वी, ४ सप्टेंबर २०१० च्या पहाटे ७.१ तीव्रतेचा भूकंप होऊन गेला होता. त्यात कोणी दगावलं नव्हतं, त्यामुळे संकट टळलं असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. फेब्रुवारीचा ६.३ चा होता, पण उथळ होता आणि शहराला अगदी खेटून झाला. १८५ माणसं गेली.

जमीन हलत असताना काय करायचं हे आपण शाळेपासून ऐकतो: टेबलाखाली शिरा, डोकं झाका, टेबलाचा पाय धरून ठेवा. ती थांबल्यावर काय, याबद्दल मात्र फार कमी लिहिलं जातं. शहरातल्या बहुतेकांच्या वाट्याला ढिगारा येत नाही. घर उभं असतं, भिंतींना भेगा असतात, नळ कोरडा असतो, संडास तुंबलेला असतो आणि सकाळी मुलांना काहीतरी खायला द्यायचं असतं. असा संसार आम्ही जवळजवळ दोन हिवाळे केला. तिथलं जे पुण्या-मुंबईच्या, सातारा-कराडच्या, लातूर-सोलापूरच्या घरांना लागू पडेल, ते इथे क्रमाने लिहिते आहे.

पहिला तास

आधी पायात चपला-बूट घाला. फरशीवर काच असते आणि घाबरलेल्या माणसाला ती दिसत नाही. मग गॅस. सिलिंडर असेल तर रेग्युलेटर बंद करा, पाइपचा गॅस असेल तर मीटरजवळची चावी आडवी करा. वास येत असेल तर काडी पेटवू नका, कुठलंही बटण दाबू नका, पंखासुद्धा लावू नका. खिडक्या उघडा आणि बाहेर पडा. वास नसेल तर विजेचा मुख्य स्विच बंद करा, म्हणजे वीज परत येईल तेव्हा पडलेल्या इस्त्रीमुळे किंवा तुटलेल्या वायरीमुळे आग लागणार नाही.

खाली जिन्यानेच उतरा. लिफ्ट चालू दिसली तरी नको. खाली आल्यावर इमारतीला टेकून किंवा कंपाउंडच्या भिंतीला पाठ लावून उभे राहू नका. क्राइस्टचर्चमध्ये जुन्या विटांच्या इमारतींचे दर्शनी भाग फुटपाथवरच्या माणसांवर आणि बसवर कोसळले. आपल्याकडे हेच काम गच्चीचे कठडे, सज्जे, टाक्या आणि जाहिरातींचे फलक करतील.

फोन लावत बसू नका, लागणार नाही. एसएमएस जातो, उशिरा का होईना. गावाबाहेरचा एकच नातेवाईक निरोप्या म्हणून आजच ठरवून ठेवा. घरातल्या प्रत्येकाने त्यालाच ‘मी ठीक, अमुक ठिकाणी’ एवढं कळवायचं आणि बाकीच्यांनी त्यालाच विचारायचं. आम्ही हे ठरवलं नव्हतं. भारतात तेव्हा पहाटेचे सव्वापाच वाजले होते. सांगलीत माझ्या आईने उठल्या उठल्या टीव्हीवर पडलेलं शहर पाहिलं आणि आमचा निरोप तिला पोचला तो दुपारी. ते सात-आठ तास तिने कसे काढले हे ती आजही नीट सांगू शकत नाही.

आणि एक, जे कोणालाच आठवत नाही: फ्लश ओढू नका. का, ते पुढे सांगते.

पाणी: आहे ते आधी अडवा

नळाला अजून धार असेल तर बादल्या, पातेली, कुकर, जे हाताशी असेल ते लगेच भरून घ्या. मग सोसायटीची गच्चीवरची टाकी तपासा. टाकी शाबूत असेल तर तिचा खाली येणारा व्हॉल्व्ह बंद करा, नाहीतर इमारतीत कुठेतरी फुटलेल्या पाइपातून ती तासाभरात रिकामी होईल. जमिनीखालच्या हौदाचं झाकण उघडून बघा. हौदाला भेग गेली आणि शेजारून मैलावाहिनी जात असली, तर ते पाणी वरून स्वच्छ दिसेल, पण पिण्याजोगं नसेल. घरातल्या गीझरमध्येही १५-२५ लिटर पाणी असतं. वीज बंद करून, थंड होऊ देऊन, खालच्या बाजूने काढता येतं.

क्राइस्टचर्चचं पाणी जमिनीखालून येतं, इतकं शुद्ध की भूकंपाआधी त्यात क्लोरीनही घालत नसत. त्याच शहराला भूकंपानंतर कित्येक आठवडे पाणी उकळून प्यावं लागलं, कारण रस्त्याखाली पाण्याची आणि मैल्याची नळी दोन्ही फुटल्या होत्या. तेव्हा ‘आमच्याकडे बोअरचं आहे’ या भरवशावर राहू नका. पाणी गढूळ असेल तर सुती कापडाच्या चार पदरांतून गाळा, खळखळून उकळी आल्यावर मिनिटभर तसंच ठेवा आणि झाकून गार करा. इंधन वाचवायचं असेल तर क्लोरीनच्या गोळ्या किंवा द्रावण पाकिटावरच्या मापाने घालून अर्धा तास थांबा.

माणशी रोज तीन लिटर पिण्याला धरा. स्वयंपाक, हात-तोंड, जुजबी धुणं धरून १५ लिटर हा आपत्तीतला किमान हिशेब मानला जातो. चौघांच्या घराला म्हणजे रोज साठ लिटर, आणि तेही टँकरपासून तिसऱ्या मजल्यावर उचलून. दोन-दोन लिटरच्या बाटल्या भरा. वीस लिटरचा कॅन जिन्यावरून चढवताना कंबर जाते. भांड्यांचं पाणी वाचवायला आम्ही ताटावर प्लास्टिकचा पातळ कागद ताणून जेवायचो आणि जेवण झालं की तो कागद टाकून द्यायचो. आपल्याकडे पत्रावळी आहेत.

संडास

याबद्दल मी सविस्तर लिहिणार आहे, कारण याचा विचार कोणी आधी करत नाही आणि त्रास सगळ्यात जास्त याचाच होतो.

जमिनीखालच्या मैलावाहिन्या भूकंपात सांध्यांवर तुटतात, वाकतात, वाळूने भरतात. वरून काहीच कळत नाही. तुम्ही बादलीभर पाणी ओतता, ते जातं, आणि तुम्हाला वाटतं सगळं ठीक आहे. ते कोणाच्या तरी अंगणात किंवा रस्त्यावर वर आलेलं असतं. फ्लॅटमध्ये तर थेट खालच्या घरात येतं: तिसऱ्या मजल्यावर फ्लश ओढला की तळमजल्यावरच्या बाथरूमच्या जाळीतून मैला वर. म्हणून वाहिनी चालू आहे याची खात्री होईपर्यंत सगळ्या इमारतीने फ्लश बंद ठेवायचा. हा निर्णय एकेका घराने घेऊन उपयोग नाही. सेक्रेटरींनी पहिल्याच संध्याकाळी मजल्या-मजल्यावर जाऊन सांगायला हवं.

तपासायची साधी रीत अशी. इमारतीची मैल्याची लाइन महापालिकेच्या लाइनला मिळते तिथलं चेंबर उघडा. पहिल्या मजल्यावरून दोन बादल्या पाणी सोडा, त्यात थोडी हळद कालवली तर ओळखायला सोपं. चेंबरमध्ये पाणी आलं आणि पुढे वाहून गेलं तर तुमची लाइन बरी आहे. आलंच नाही तर मध्ये फुटली आहे. आलं आणि साचून राहिलं तर पुढची बंद आहे. रस्त्याखालची लाइन चालू आहे की नाही हे मात्र वॉर्ड ऑफिसकडूनच कळेल.

तोवर दोन बादल्या. एक लघवीची, एक शौचाची. दोन्ही एकत्र केलं की दुर्गंधी येते, पिशवी जड होते आणि फाटते, म्हणून हे वेगळं ठेवणं हाच सगळा मुद्दा आहे. शौचाच्या बादलीत जाड काळ्या पिशव्या, एकात एक दोन. तळाला मूठभर कोरडी माती, लाकडाचा भुसा किंवा राख. प्रत्येक वापरानंतर वरून तेवढंच, मैला पूर्ण झाकेल इतकं. वर घट्ट झाकण. पिशवी दोन तृतीयांश भरली की गाठ मारून झाकणाच्या पिंपात. परदेशातल्या माहितीपत्रकांत धुण्याचा विषय नसतो, कारण ते कागद वापरतात. आपण पाणी वापरतो, तेव्हा धुताना लघवीच्या बादलीवर बसावं, म्हणजे शौचाची बादली कोरडी राहते. लघवीची बादली रोज पाणी मिसळून मातीच्या जागेत रिकामी करावी. विहीर, बोअर आणि भाजीच्या वाफ्यापासून लांब. सॅनिटरी पॅडना वेगळी पिशवी.

म्हाताऱ्या माणसांना बादलीवर बसता येत नाही. औषधांच्या दुकानात कमोडची खुर्ची मिळते. नसेल तर प्लास्टिकच्या जुन्या खुर्चीची बैठक गोल कापून खाली बादली ठेवा. आमच्या शेजारच्या आजींसाठी आम्ही हेच केलं. त्याआधी दोन दिवस त्या पाणी पीतच नव्हत्या, जायला लागू नये म्हणून. घरात वयस्क असतील, किशोरवयीन मुली असतील तर कोण पाणी कमी पितंय यावर लक्ष ठेवा. कोणी आपणहून सांगत नाही.

हात धुण्यासाठी बाटलीच्या बुडाला खिळ्याने भोक पाडा. झाकण सैल केलं की बारीक धार येते, घट्ट केलं की थांबते. बाटली बादलीशेजारी टांगा, साबण मोज्यात घालून तिथेच बांधा. सगळ्या घराला जुलाब होणं टळतं ते या एका बाटलीने.

क्राइस्टचर्चमध्ये पुढे रस्त्यांवर फिरते संडास आले, मग घरोघरी रासायनिक संडास वाटले गेले आणि ते ओतायला कोपऱ्या-कोपऱ्यावर टाक्या बसल्या. पूर्व भागात हे महिनोन् महिने चाललं. तिथे जून म्हणजे ऐन हिवाळा; त्या थंडीत रात्री टॉर्च घेऊन रस्त्यावर जायचं, लेकराला कडेवर घेऊन. आपल्याकडे सार्वजनिक संडास उभे राहिले तर पहिल्याच दिवशी तीन गोष्टींचा आग्रह धरा: रात्री उजेड, आतून लागणारी कडी आणि बायकांसाठी वेगळी रांग.

गाळ

आमच्या भागात जमिनीतून राखाडी चिखल उसळला. ओली वाळूची जमीन हादरली की काही वेळ द्रवासारखी वागते आणि पाणी-वाळू वर फेकते. २००१ च्या भूकंपात कच्छच्या रणातही हे झालं होतं. खाडीलगतची, भराव घातलेली, नदीकाठची जमीन यात येते. हा गाळ काढताना गुडघ्यापर्यंतचे बूट, हातमोजे आणि तोंडाला मास्क हवाच, कारण त्यात मैला मिसळलेला असतो आणि वाळला की तीच धूळ नाकात जाते. आमच्याकडे तिथल्या विद्यापीठातली पोरं फावडी आणि घमेली घेऊन हजारोंनी आली. गल्लीत अशी मदत येईल तेव्हा आधी एकट्या माणसांची घरं दाखवा.

इमारतीत परत जायचं का?

तिथे तपासनीस येऊन दारावर कागद लावायचे: हिरवा, पिवळा, लाल. हिरवा दिसला की माणसं सुस्कारा टाकून आत जात. सप्टेंबरच्या भूकंपानंतर सीटीव्ही या सहामजली इमारतीलाही हिरवाच कागद लागला होता. फेब्रुवारीत ती काही सेकंदांत खाली बसली आणि एकट्या त्या इमारतीत ११५ माणसं गेली. हिरव्या कागदाचा अर्थ इतकाच होता की घाईच्या पाहणीत वरवर काही आढळलं नाही. आपल्याकडे कोणी येऊन ‘काही नाही हो, राहा’ म्हणालं, तर कोणत्या आधारावर, हे विचारा. महापालिकेच्या यादीतल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या.

तोपर्यंत बाहेरून स्वतः बघता येईल असं बरंच आहे. प्लास्टरवरच्या केसासारख्या भेगांना घाबरू नका. विटांच्या भिंतीत फुलीसारखी तिरकी भेग असेल तर इंजिनिअर येईपर्यंत त्या खोलीत झोपू नका. कॉलमवर भेग, सुटलेलं काँक्रीट, उघडी पडलेली किंवा बाहेर वाकलेली सळई दिसली तर आत जाऊच नका, कितीही महत्त्वाची वस्तू असली तरी. दारं-खिडक्या अचानक अडकायला लागणं, इमारत कललेली वाटणं, जिना भिंतीपासून सुटणं, याही थांबण्याच्या खुणा.

खाली नुसते खांब आणि पार्किंग, वर सगळे फ्लॅट, अशी आपली निम्मी शहरं उभी आहेत. २००१ साली अहमदाबाद केंद्रबिंदूपासून दोनशे किलोमीटरहून दूर असूनही तिथल्या अशाच कित्येक इमारती कोसळल्या, कारण वरचा डोलारा भिंतींमुळे ताठ आणि खालचा मजला मोकळा. तुमची इमारत अशी असेल तर सगळ्यात आधी पार्किंगमधल्या खांबांची दोन्ही टोकं बघा. आणि हे वाचताय तोवर भूकंप झालेला नसेल, तर सोसायटीच्या पुढच्या सभेत खालचा मजला मजबूत करण्याचा विषय घ्या. रंगकाम एक वर्ष थांबेल.

वस्तू आणायला जावंच लागलं आणि इंजिनिअरने परवानगी दिली, तर एकानेच जायचं, डोक्यावर हेल्मेट, हातात लिहिलेली यादी, दहा मिनिटं, बाहेर कोणीतरी घड्याळ लावून उभं. यादीत औषधं, चष्मा, कानाचं यंत्र, कागदपत्रं, किल्ल्या, चार्जर. सोनं नंतर.

आवरण्याआधी फोटो

दुसऱ्या दिवशी हात शिवशिवतात. झाडू घ्यावासा वाटतो. थांबा. प्रत्येक खोलीचे चार कोपऱ्यांतून चार फोटो, मग प्रत्येक भेगेचा जवळून, शेजारी नाणं किंवा पट्टी धरून. भेग जिथे संपते तिथे पेन्सिलने आडवी रेघ मारून तारीख घाला. पुढच्या धक्क्यानंतर भेग रेघ ओलांडून गेली की नाही, हे कोणालाही दाखवता येतं.

मी हे सप्टेंबरमध्ये केलं नाही. तिथे घराच्या नुकसानीचा पहिला एक लाख डॉलरचा भाग सरकारी भूकंप आयोग देई आणि त्यापुढचा खासगी विमा कंपनी. प्रत्येक भूकंपाचं नुकसान वेगळं मोजायचं असं पुढे ठरलं. मग कोणती भेग सप्टेंबरची, कोणती फेब्रुवारीची, कोणती त्यानंतरच्या जूनमधल्या धक्क्याची? आमच्याकडे सांगायला काहीच नव्हतं. त्या एका प्रश्नापायी आमचं प्रकरण दीड वर्षाहून जास्त लांबलं.

एक वही करा. कोणाशी बोललो, तारीख, वेळ, त्यांचं नाव, तक्रार क्रमांक, काय म्हणाले. फोनवर झालेलं बोलणं त्याच दिवशी ई-मेलने त्यांना परत लिहून पाठवा. आपल्याकडे सरकारी मदतीचा पाया पंचनामा असतो, तेव्हा तो होताना घरातलं जबाबदार माणूस हजर पाहिजे, सही करण्याआधी वाचलं पाहिजे, प्रत घेतली पाहिजे. भाडेकरूंनी आपल्या सामानाची वेगळी नोंद आग्रहाने करून घ्यावी. इंडेक्स टू (घराच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मंजूर नकाशा, कर्जाची कागदपत्रं आजच स्कॅन करून गावाबाहेरच्या माणसाकडेही ठेवा. २०२१ पासून भारतात ‘भारत गृह रक्षा’ ही घराची प्रमाणित विमा पॉलिसी आहे आणि तिच्यात भूकंप धरलेला आहे. गृहकर्जासोबत बँकेने गळ्यात मारलेला विमा घराचा आहे की कर्जदाराच्या जिवाचा, हे मात्र काढून बघा. कितीतरी जणांना ते माहीत नसतं.

धक्के आणि झोप

मोठ्या भूकंपानंतर धक्क्यांची संख्या झपाट्याने उतरते; दहाव्या दिवशी साधारण पहिल्या दिवसाच्या दहावा हिस्सा. पण उशिरा येणारा धक्का लहानच असेल असं काही नाही. १३ जून २०११ ला पुन्हा मोठा धक्का बसला, मग २३ डिसेंबरला, नाताळच्या तोंडावर. त्यामुळे पहिल्या पंधरवड्यात केलेली व्यवस्था वर्षभर तशीच ठेवा: पलंगाच्या वर भिंतीला फोटो-फळी काही नको, डोकं खिडकीकडे नको, टॉर्च आणि बूट पिशवीत घालून पलंगाच्या पायाला बांधलेले. नुसते ठेवले तर हादऱ्यात खोलीच्या दुसऱ्या टोकाला जातात. खोलीचं दार उघडं, खाली पाचर मारून.

सगळं घर एका खोलीत झोपा. आम्ही आठ महिने झोपलो. ट्रक गेला तरी दचकायला होतं, स्थिर जमीन हलल्यासारखी वाटते. ग्लासात पाणी भरून समोर ठेवलं की ते हलतंय की नाही दिसतं आणि जीव शांत होतो. माझी लेक तेव्हा सहा वर्षांची. बाथरूमचं दार लावून घ्यायची नाही. मी दाराबाहेर बसून पाढे म्हणायची, ती आतून पुढचा आकडा सांगायची. सतराच्या पाढ्यापर्यंत पोचलो तेव्हा एक दिवस तिने स्वतःहून दार लोटलं.

अफवा येणारच. आमच्याकडे चंद्राच्या स्थितीवरून २० मार्चला मोठा भूकंप होणार असं पसरलं आणि माणसं खरोखर शहर सोडून गेली. त्या दिवशी भाकितातला विनाश झाला नाही. भूकंपाचा दिवस कोणालाही सांगता येत नाही, कोणत्याही देशात नाही. असा मेसेज आला तर पुढे पाठवू नका, आणि घरातल्या मुलांना तसं स्पष्ट सांगा.

चूल, पैसा, शाळा

पहिले तीन दिवस न शिजवता खाता येईल असं घरात हवं: मेतकूट, सातूचं पीठ, भाजके पोहे, शेंगदाणे, गूळ. नंतर कुकर, एका शिटीत वरण-भात-बटाटा. फ्रीजमधलं आधी संपवा, शेजाऱ्यांसोबत.

कार्डाची यंत्रं पहिल्याच दुपारी बंद पडली. आपल्याकडे तर भाजीवालाही मोबाइलवर पैसे घेतो, आणि वीज-नेटवर्क गेलं की घरात दोन हजार रुपयेसुद्धा रोख सापडत नाहीत. दहा, वीस, पन्नासच्या नोटा वेगळ्या ठेवा.

शाळा पडल्या तेव्हा तिथे एकाच इमारतीत सकाळी एक शाळा आणि दुपारी दुसरी भरू लागली. आपल्याला हे नवीन नाही, पण नोकरी करणाऱ्या आईबापांची घडी मोडते. गल्लीतल्या चार घरांनी मुलं सांभाळण्याच्या पाळ्या लावा, आणि ज्या घरात संडास चालू आहे ते घर त्यात धरा.

पहिला पाऊस

भूकंपात आमच्या भागातली जमीन खचली. नंतर साध्या पावसातही पूर्वी कधी न तुंबलेल्या गल्ल्यांत पाणी भरायला लागलं. आमची वस्ती शेवटी राहण्याजोगी नाही असं ठरलं. सुमारे आठ हजार घरं उठवली आणि आज तिथे नदीकाठचं मोकळं रान आहे.

जमीन खचली तर गटारांचा उतार बदलतो. पाणी आता कुठे जाईल हे कागदावर कळत नाही. एक टँकर रस्त्यावर मोकळा करून बघा, कुठे साचतं तिथे खूण करा. गच्चीच्या भेगांतून शिरलेलं पाणी सळईपर्यंत जातं, म्हणून कायमची दुरुस्ती व्हायची असली तरी भेगा तात्पुरत्या बुजवा, सुटलेले कठडे उतरवून घ्या, मीटरची खोली झाका. ताडपत्री मे महिन्यातच आणून ठेवा. जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या शहराला ती एकदमच लागते.